एका पायावरचं गाणं

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. अस्वल म्हटलं की तुम्ही लगेच हसणार, मला ठाऊक आहे. हसून घ्या. मग पुढे जाऊ.

झालं? तर बाळांनो, ह्या अस्वलाचं नाव वामनराव. नाव वामन आणि अंग गवताच्या गंजीएवढं. पण मनाने फार हळवं. त्यांच्या गुहेच्या तोंडाशी एक जांभळाचं झाड होतं आणि त्या झाडावर एक कोकिळा राहायची. तिला सगळं जंगल आक्का म्हणायचं. शाळेत तुम्हाला शिकवतात की गातो तो कोकीळ, कोकिळा गात नाही. त्या जंगलात शाळा नव्हती, त्यामुळे आक्का बिनधास्त गायच्या.

वामनराव लहान असल्यापासून रोज सकाळी आक्कांच्या गाण्यावर उठायचे. पण आता आक्का थकल्या होत्या. वरचा सूर लावताना मध्येच थांबायच्या, खाकरायच्या, पुन्हा लावायच्या. एखाद्या सकाळी त्या खाकरण्यापाशीच थांबतील आणि पुढे काहीच ऐकू येणार नाही, ह्या विचाराने वामनराव गाणं संपेपर्यंत अंथरुणातून हलायचे नाहीत.

त्यांच्या गुहेत वडिलांच्या वेळची एक तबकडी होती. फार वर्षांपूर्वी डाकबंगल्यावर आवाज पकडणारी माणसं आली होती. त्यांनी एका रात्री ह्याच जांभळाखाली येऊन तरुण आक्कांचं गाणं पकडून तबकडीवर उतरवलं होतं. ती तबकडी आक्कांनी वामनरावांच्या वडिलांना भेट दिली. पण ती वाजवायचं यंत्र अख्ख्या जंगलात कुणाकडे नव्हतं. त्यामुळे आक्कांनी स्वतःचं तरुणपणचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं.

वामनरावांनी ठरवलं, आपण रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा. ते झाडाखाली गेले आणि म्हणाले, "आक्का, यंत्र आणतोय. तबकडी पहिल्यांदा वाजेल ती तुमच्यासमोर."

"आण की रे," आक्का म्हणाल्या. "कशी गात होते ते एकदा ऐकू दे मला."

नदीपलीकडे पर्शराम नावाचं साळिंदर राहायचं. माणसांनी टाकून दिलेले रेकॉर्ड प्लेअर ते उचलून आणायचं आणि दुरुस्त करून विकायचं. वामनरावांनी हिवाळ्यासाठी राखलेलं मधाचं पोळं दिलं आणि एक प्लेअर पसंत केला. सागवानी पेटी, पितळी दांडी, चकती फिरवायला नवा पट्टा. सुई बसवायची राहिली होती. पर्शरामाने पाठीकडे हात नेला, स्वतःचाच एक काटा उपटला आणि दांडीला बसवला.

"हा प्लेअर जुना आहे ना नक्की?" वामनरावांनी विचारलं.

"जुनाच आहे," पर्शराम म्हणाला. "नवीन वाटेपर्यंत घासलाय आणि मग जुना वाटेपर्यंत पुन्हा घासलाय."

वामनरावांचं समाधान झालं. त्यांनी पेटी छातीशी धरून घरी आणली आणि त्याच दिवशी आक्कांना बोलवायचं ठरवलं. तसं झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही खेळायला मोकळे झाला असता. पण दारात अप्पासाहेब उभे होते.

अप्पासाहेब म्हणजे करकोचा. ते जाणकार मंडळाचे अध्यक्ष होते. कुणी काही ऐकणार असेल तर कसं ऐकावं हे मंडळ सांगायचं. मंडळाची एक रीत होती. तबकडी एका पायावर उभं राहून ऐकायची. दोन पायांनी जमिनीला जास्त हादरे बसतात, असं अप्पासाहेबांचं म्हणणं होतं. करकोच्यांना हे जड जात नसे. वामनराव पहिल्या प्रयत्नात भिंतीवर आदळले.

अप्पासाहेबांनी यंत्र पाहिलं आणि मान हलवली. म्हणाले, आज लावायचं नाही. यंत्राला आधी जागेची सवय होऊ द्यायची. सवय झाल्यावर त्यांनी झाकणावर पाण्याचा थेंब ठेवला. थेंब किंचित डावीकडे सरकला. मग वामनरावांनी गुहेची जमीन उकरून सपाट केली. मग धूळ बसेपर्यंत थांबायचं ठरलं. मधूनमधून आक्का फांदीवरून विचारायच्या, "झालं का रे?" वामनराव म्हणायचे, "झालंच, आक्का." आणि त्यांना अगदी मनापासून तसंच वाटायचं.

खोटं कशाला सांगू, वामनरावांना ह्या सगळ्यात मजा येऊ लागली होती. आता ते 'गाणं' म्हणत नसत, 'ध्वनी' म्हणत. एका पायावरही बऱ्यापैकी उभे राहत.

एके दिवशी अप्पासाहेब सुईकडे निरखून बघत होते. सुई बारीक थरथरत होती. बाहेर आक्का गात होत्या.

"हा आवाज कुणाचा?" अप्पासाहेबांनी विचारलं.

वामनरावांनी अभिमानाने सांगितलं, की तबकडीवर ज्यांचं गाणं आहे, त्याच ह्या.

"मग तर जास्तच अडचण आहे," अप्पासाहेब म्हणाले. "मूळ गळा जवळ असला की तुलना होते. तबकडीवर अन्याय होतो."

वामनरावांना हे सांगायला जाणं जिवावर आलं. तरी गेले. झाडाखाली बराच वेळ उगाच खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "आक्का, थोडे दिवस पलीकडच्या उंबरावर बसाल का? आणि जमलं तर गाऊ नका. तुमच्याच गाण्यासाठी चाललंय सगळं."

आक्कांनी एकदा गुहेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बसते. पण लवकर लाव हं, वामन. माझा घसा तुझ्या यंत्राची वाट बघत बसणार नाही."

आक्का उंबरावर गेल्या. गुहेभोवती सामसूम झाली. थेंब जागचा हलेना, सुई थरथरेना. अप्पासाहेब म्हणाले, इतकी सुरेख शांतता आपण कुठेच ऐकली नाही. ती महिनाभर तपासून मंडळाने बैठक ठरवली. सगळे करकोचे गुहेत येऊन एकेका पायावर उभे राहिले. वामनराव आक्कांना आणायला उंबराकडे धावले.

उंबर रिकामा होता.

खाली एक पीस पडलं होतं. शेजारच्या खारीने सांगितलं, आक्का गेल्या, बरेच दिवस झाले. तुम्हाला कळलं नाही का? वामनरावांना कळलं नव्हतं. आक्का गात नाहीत म्हणजे आपलं ऐकताहेत, असंच त्यांनी धरलं होतं. त्यांनी पीस उचललं आणि ते परत आले.

"हवा उत्तम आहे," अप्पासाहेब म्हणाले. "लावा."

वामनरावांनी सुई टेकवली. आधी खरखर झाली. मंडळाने डोळे मिटले. ध्वनीला काय ऊब आहे, असं कुणीतरी पुटपुटलं. मग गाणं आलं. तरुण, मोकळं, कुठेही न अडखळणारं. वरचा सूर सहज लागला. गाणं संपलं. तेव्हा त्या माणसांनी आपलं यंत्र बंद करायच्या आत आक्का बोलल्या होत्या, तेही तबकडीवर उतरलं होतं.

"ते अस्वलाचं पोर झोपलं का बघा. झोपलं नसेल तर आणखी एक गाते."

वामनरावांचा दुसरा पाय खाली आला. जमीन हादरली. सुई उडाली आणि मागे जाऊन पडली.

"झोपलं नसेल तर... झोपलं नसेल तर... झोपलं नसेल तर..."

"वामनराव," अप्पासाहेब डोळे न उघडता म्हणाले, "पाय."

वामनरावांनी पाय वर घेतला.

तात्पर्य : बाळांनो, आपल्या घराजवळ कुणी गाणारं असेल, तर त्याला वेळीच लांब बसवावं. नाहीतर यंत्र कितीही चांगलं आणलं, तरी त्याची ऊब कळत नाही.