सेनापती अढळसेन यांचा दहावा

सज्जन माणूस जिवंत असेपर्यंत गैरसोयीचा असतो. गेल्यावर मात्र तो सर्वांच्याच सोयीचा होतो. या तत्त्वास अनुसरून निमोण्याच्या वाचनालयाने कै. सेनापती अढळसेन यांचा दशक्रिया विधी नदीच्या घाटावर योजला.

कै. अढळसेन हे एका नऊशे बारा पानी कादंबरीतले. तिच्यात उडते अजगर आहेत, बोलणारे किल्ले आहेत. गावाला अविश्वसनीय वाटले ते एवढेच, की "मला काही माहीत नाही" म्हटले असते तर सेनापती सुटले असते. ते "माहीत आहे" म्हणाले आणि पान दोनशे अकरावर त्यांचे मुंडके उडाले. उरलेल्या सातशे एक पानांत जो तो त्यांची शपथ घेतो. (शपथ पाळणारे: दोन. दोघेही मयत.)

गावात प्रत एक, पूर्ण वाचलेले तीन, शोकाकुल चारशे दहा.

त्या तिघांतले एक मच्छिंद्रआप्पा, पाणीवाटप समितीचे अध्यक्ष. पान दोनशे अकरावर ते खरोखर रडले होते. गेल्या उन्हाळी आवर्तनात "कालव्याला पाणीच कमी सुटलंय" असे शेजारच्या साखरबाईला सांगून त्यांनी तिची पाण्याची पाळी आपल्या उसाला फिरवली होती. साखरबाईचा झेंडू वाळला. ती अजून शिव्या देते त्या कालव्याला, आप्पांना नाही, आणि हेच आप्पांना टोचत होते.

सेनापतींना रानडुक्कर आवडे. (श्रावण असल्याने साखरबाईने नैवेद्याला भोपळ्याची भाजी केली.) सात श्रद्धांजल्या झाल्या. पिंड ठेवला. कडुलिंबावरचा कावळा काही शिवेना. मृताची इच्छा राहिली असणार, म्हणून सरपंच पोपटरावांनी चौकाला नाव देण्याचा शब्द दिला, मग पुतळ्याचा. कावळ्याने पाठ फिरवली.

"पुतळा नको त्यांना," ग्रंथपाल प्रतिभाताई म्हणाल्या. "खरं बोलले म्हणून गेले ते. कुणीतरी एक खरं बोला, मंग शिवंल."

पोपटरावांनी फोन कानाला लावला. (तो वाजला नव्हता.)

आप्पा पुढे झाले. "साखरबाई…"

"काय वो आप्पा?"

कावळा एक फांदी खाली उतरला.

"त्या आवर्तनात, तुझ्या पाण्याचं…"

"व्हय, काय त्याचं?"

कावळा आणखी एक फांदी उतरला. चारशे दहा माणसे बघत होती.

"न्हाई, म्हंजी… भाजी लई भारी झालीय."

"आन् तुमी चाखली कवा?" साखरबाई म्हणाली. कावळा शेंड्यावर जाऊन बसला.

मग रिवाजाप्रमाणे दर्भाचा कावळा केला. तो लगेच शिवला. झाडावरचा कावळा शेजारच्या कारेगावचा असून त्यास निमोण्यात शिवण्याचा अधिकार नव्हता, असा ठराव एकमताने झाला. आप्पांना दिवसभर स्वतःची लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटते याचे संध्याकाळपर्यंत समाधानही वाटू लागले.

कावळा अजून तिथेच आहे. आप्पांना हसलेल्या वाचकांनी जरूर यावे. ज्याच्याशी आपण खोटे बोललो, त्या माणसाला सोबत आणावे. दर्भ आणू नये. तो आम्ही तुमच्यासाठी कापूनच ठेवला आहे.