चादरीचं दुसरं टोक

आमचे वामनकाका चादर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. भाजीला जायचं असो, दाढीला असो की कोणाच्या तेरवीला, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पांढरीशुभ्र डबलबेडची चादर. एस.टी.त नवा कंडक्टर असला की विचारतो, "काय बाबा, दर्ग्यावर चालले काय?" काका म्हणतात, "नाही जी. कुठं भांडण झालं तं कामी पडते."

ती चादर मीच शिवली आहे. रिसोडला धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आणि समोर काकांचं घर. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. उभा जन्म त्यांनी बाजारात मापारी म्हणून काढला. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा आणि खरं वजन मोठ्यानं पुकारायचं. चादर शिवायला टाकताना बजावलं, "पोरी, चारी कोपऱ्याले दुहेरी शिलाई मार. सारा जोर कोपऱ्यावरच येते." मला वाटलं, म्हातारा झोका बांधून झोपणार.

खरी गोष्ट पुढे कळली. काका निवृत्त झाले तेव्हा रशीदभाई मापाऱ्यांनी त्यांना एक पुस्तक भेट दिलं. मुसलमान नसलेल्या देशोदेशीच्या विद्वानांनी पैगंबरसाहेबांच्या स्वभावाबद्दल आणि नेतेपणाबद्दल काय काय लिहिलंय, ते त्यात एकत्र केलेलं. काकांनी ते इतक्यांदा वाचलं की पानं सुटली. ती मी मशीनवर टीप मारून बसवून दिली. तेव्हापासून गल्लीत कोणाची सुटका नाही. लग्नाच्या पंगतीत भात वाढेपर्यंत काका सुरू. पैगंबरसाहेबांना लोक 'अमीन' म्हणजे विश्वासू म्हणत, विरोधकसुद्धा त्यांच्याकडे ठेव ठेवत, वगैरे. आणि शेवटी बोट वर करून ठरलेलं वाक्य, "आता हे लिवणारा मुसलमान नाही, बरं!" जणू कोर्टात साक्षीदार उभा केला.

रशीदभाई कपाळाला हात लावतात. "वामनराव, आता आमालेच शिकवा तुमी. आमी तं घरचे, आमाले कोण विचारते!"

एकदा नाक्यावर कोणीतरी टोमणा मारला, "येवढं आवडते तं कलमा पढून टाका ना!" काकांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते शांतपणे म्हणाले, "शेजाऱ्याच्या वावरात पीक चांगलं आलं तं चांगलं म्हनू नये काय? म्हनल्यानं आपलं वावर बदलते काय?" टोमणेवाल्याने गुपचूप चहा मागवला.

बरं, नुसतं वाचून थांबतील तर काका कसले! पैगंबरसाहेबांएवढा मोठा माणूस आपले कपडे आपण शिवत असे, हे वाचल्यावर काकांनी माझ्याकडून सुई-दोरा नेला आणि सदऱ्याची बटणं स्वतः लावू लागले. तीही अंगातल्या सदऱ्याला. एक दिवस सदरा बनियनला शिवूनच दुकानात आले. कात्री लावून सोडवलं तर म्हणतात कसे, "शिलाई पक्की होती ना पन?"

चादर मात्र एका गोष्टीतून आली. मक्केत पवित्र दगड बसवायचा होता आणि तो मान कोणत्या घराण्याला, यावर तलवारी निघायची वेळ आली. पैगंबरसाहेबांनी चादर अंथरली, दगड तिच्यावर ठेवला आणि सगळ्या घराण्यांच्या पुढाऱ्यांना तिच्या कडा धरायला लावल्या. सगळ्यांनी मिळून उचलला. मग त्यांनी तो आपल्या हाताने जागेवर बसवला. कोणाचंच नाक कापलं गेलं नाही. काका या वाक्यावर नेहमी थांबायचे. "पोरी, कोनाचंच नाक नाही कापलं." आणि कुठे भांडण दिसलं की चादर काढून ओरडायचे, "कोपरे धरा!" गणपतीची वर्गणी, नळाची पाळी, कशावरही.

भांडण नसलं तरी दर आठवड्याला चादर धुवायची आणि वाळली की माझ्या दारात उभं राहायचं. "पोरी, दुसरं टोक धर." दुकानात बायका ब्लाउजसाठी खोळंबलेल्या. मी करवादून म्हणायची, "काका, खाटेवर टाकून एकट्याला होते की घडी!"

"एकट्याची वाकडी येते," काका म्हणायचे.

हा जगाची भांडणं मिटवणारा माणूस आपल्या गावी का जात नाही, ते मला रशीदभाईंनी सांगितलं. गाव जऊळका स्टेशनच्या पलीकडे. बऱ्याच वर्षांपूर्वी धाकटा भाऊ श्रीराम सोयाबीन घेऊन बाजारात आला होता. पोत्यात वरचा माल कोरडा, तळाचा ओला निघाला. काकांनी तो काट्यावरून उतरवला आणि साऱ्या बाजारात पुकारलं, "माहा भाऊ असला तरी लबाडी चालनार नाही!" तेव्हापासून श्रीरामने दादाचं तोंड पाहिलं नव्हतं. पुस्तक त्यानंतर आलं. ते ऐकल्यावर मी चादरीला नावं ठेवणं बंद केलं.

गेल्या महिन्यात त्याच गावातून निरोप आला. तिथल्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, झाडाला टांगलेला. नव्या इमारतीत तो हलवायचा होता आणि चार भावक्यांचं म्हणणं एकच, आमच्या आज्यानं आणलेला, आम्हीच टांगणार. महिनाभर रूळ जमिनीवर पडून. सावली पाहून शाळा सुटायची. वामनरावांना चादर घेऊन बोलवा, असं ठरलं. काकांच्या भावकीचा पुढारी होता श्रीराम.

दोन दिवस काका जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू चाल संगं. घडी कराले कोनी पायजे." मी दुकान बंद केलं.

शाळेच्या अंगणात काकांनी चादर अंथरली. दगडाची गोष्ट सांगितली. एक जण कुरकुरला, "त्यायची रीत आपल्या गावात कायले?"

काका म्हणाले, "रीत भांडन मिटवाची हाय. तुह्यापाशी दुसरी असन तं काढ."

त्याने बाह्या मागे सारल्या. चार घरांनी चार कोपरे धरले. श्रीराम खाली मान घालून चौथ्या कोपऱ्याला. माझी दुहेरी शिलाई टिकेल की नाही, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला. टिकली. रूळ व्हरांड्यापर्यंत आला. आता तो आकड्याला अडकवायचा मान काकांचा. सत्तरीच्या म्हाताऱ्याने तो चादरीवरून उचलला आणि गुडघेच लटपटले. सगळे "अरे, अरे" करत राहिले. तेवढ्यात श्रीरामने कोपरा सोडून रुळाखाली खांदा दिला. "मी हावो खालून. तू अडकव, दादा."

रूळ टांगला गेला. गुरुजींनी टोला दिला, पोरं बोंबलली, गाव चहाकडे पळालं.

चादर अंगणात पडून होती. काकांनी सवयीनं दोन कोपरे उचलले आणि माझ्याकडे पाहिलं. मी निघाले होते, पण माझ्याआधी श्रीराम वाकला. त्याने पलीकडचे दोन कोपरे उचलले, झटकले. पहिली घडी पडली. मोठ्या चादरीची घडी करायची तर एकमेकांकडे चालत जावंच लागतं. दोघे जवळ आले, हाताला हात लागला.

"माल ओला होता, दादा. मले मालूम होतं."

"मी लय जोरानं पुकारलं रे, श्रीराम. हळू बी सांगता आलं असतं."

मी पाठ फिरवली आणि उगाच रुळाकडे बघत राहिले.

काका त्या दिवशी गावातच राहिले. पिशवी मात्र माझ्याकडे दिली, "घरी ठेव, मी येतो चार दिवसानं." जीपमध्ये मी ती उघडून पाहिली. इतकी वर्षं मी घाईघाईत घातलेल्या घड्या त्यांनी तक्रार न करता चालवून घेतल्या होत्या. आज कोपऱ्याला कोपरा बरोबर लागला होता.