राघोपंतांना वीरमरण कसे आले

जबलपूरच्या मराठी मंडळींची वाचनाची आवड टिकून आहे, याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून 'रेवातीर ग्रंथचर्चा मंडळ' स्थापन करण्यात आलं. मंडळ ऑनलाइन होतं. त्यामुळे सदर बाजारातल्या माणसाला कांचघर मोहल्ल्यापर्यंत जायला नको, कांचघरच्याला ओमतीच्या गर्दीत ऑटोत अडकून बसायला नको, आणि चहाही ज्याचा त्याने आपल्या घरी करून प्यायचा, अशी सोय झाली. दर रविवारी दुपारी, जेवणानंतर आणि झोपेच्या आधी, पडद्यावर चौकटी उघडत. काहींत चेहरे दिसत, काहींत नुसती कपाळं. भाऊराव चिंचाळकरांच्या चौकटीत त्यांच्या छताचा पंखा दिसे, आणि मंडळ पंख्याशीच आदराने बोले.

अध्यक्षपदी भय्यासाहेब जामदार होते. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर नर्मदेकाठी आले, आणि ही बातमी जामदारांच्या घरात अजूनही ताजी होती. तांत्रिक बाजू त्यांची नात सलोनी सांभाळायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. "आजोबा, आप म्यूट पे हो," हे वाक्य मंडळाच्या प्रत्येक सभेचं ईशस्तवन झालं होतं.

सदस्यांत विनता वझलवार नावाच्या एक बाई होत्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, कांचघरच्या घरात एकट्या राहणाऱ्या. त्यांच्यात एक खोड होती. पुस्तक हाती आलं की त्या ते वाचत. हे त्यांनी फारसं कोणाला कळू दिलेलं नव्हतं.

पहिलं पुस्तक म्हणून 'अबलख घोड्याची सावली' ही ऐतिहासिक कादंबरी निवडली गेली. लेखक गौतम ढोमणे, नागपूरचे. पहिल्या सभेत मुखपृष्ठावर सखोल चर्चा झाली. घोडा अबलख आहे की नुसताच मळका, स्वाराच्या मिशीचं टोक वर हवं की खाली, यावर दोन मतप्रवाह उघडपणे समोर आले. दुसऱ्या सभेत मंडळ मलपृष्ठापर्यंत पोहोचलं. तिथे चार ओळींत लिहिलं होतं की नर्मदेकाठच्या एका गढीला शत्रूचा वेढा पडतो आणि राघोपंत नावाचा कारकून लढाईच्या आदल्या दिवशी लुगडं नेसून, बायकांच्या नावेत बसून पलीकडे पळून जातो.

"एक मिनिट," पंखा म्हणाला. "आमच्या घराण्यात राघोपंत होते. माझ्या पणज्याचे चुलते. मग हा ढोमणे कोणाले पळपुटा म्हणून राहिला?"

भय्यासाहेब सावरून बसले. "भाऊराव, राघोपंत आमच्याकडचे. आमच्या वंशावळीत दोन आहेत."

"असतील. पण लुगडं आमच्याच राघोपंताले नेसवलं आहे. आमच्याकडे उंची कमी, बायकांत खपून जातो माणूस."

विनताताईंनी माइक सुरू केला. त्यांना एवढंच सांगायचं होतं की राघोपंत पळतो ते शंभराव्या पानावर, आणि त्यानंतर पुस्तकाची दोनशे पानं शिल्लक आहेत. खरं तर त्यांना आणखीही सांगायचं होतं. त्या माणसाच्या पायी त्यांनी दोन रात्री पुस्तक खाली ठेवलं नव्हतं. सगळी गढी मरायला निघालेली आणि हा एकटा थरथरत म्हणतो, मला भीती वाटते बुवा, मला उद्याचा भात खायचा आहे. वाचताना विनताताईंना आपले यजमान दिसले होते. एकदा ओमतीच्या रस्त्यावर दोन गटांत लाठ्या निघाल्या. बरोबरची सगळी पुरुषमाणसं बाह्या सरसावून पुढे झाली. यजमानांनी मात्र बायकोचा हात धरला, मागच्या गल्लीतून तिला थेट सदरला नेलं आणि थंडपणे चाट खाऊ घातली. बाकीचे डोक्याला टाके घालून घरी आले. त्या दिवसापासून नातेवाइकांनी यजमानांना 'पळपुटे' म्हणायला सुरुवात केली, ते अगदी त्यांच्या तेराव्यापर्यंत. पण त्या पळपुट्या माणसाबरोबर विनताताईंचा संसार सुखाचा झाला होता. हे कोणीतरी पुस्तकात लिहिलंय, हे त्यांना त्या चौकटींना सांगायचं होतं.

"राघोपंताबद्दल मला थोडं..." त्या म्हणाल्या.

"विनताताई, तुम्ही पुस्तक वाचलं आहे?" भय्यासाहेबांनी गंभीरपणे विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"हो."

मग त्याच सभेत 'भावना-दुखापत उपसमिती' नेमण्यात आली. ज्यांनी पुस्तक वाचलं आहे त्यांचं मत लेखकाने आधीच कलुषित केलेलं असल्याने त्यांना उपसमितीवर घेता येणार नाही, असं ठरलं. या अटीमुळे विनताताई सोडून सर्व सदस्य पात्र ठरले. भय्यासाहेबांनी त्यांची समजूत घातली, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही चहापाणी बघा." मंडळ ऑनलाइन असल्यामुळे ते खातंही विनताताईंना फार जड गेलं नाही.

उपसमितीने लेखकाला खुलाशासाठी पाचारण केलं. ढोमणे आले. चाळिशीतला, चष्मा घातलेला, वाचकांनी बोलावलं म्हणून हरखून गेलेला माणूस. त्याने चर्चेसाठी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"राघोपंत तुम्हाला कुठे सापडले?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"कुठेच नाही. मी कल्पनेने रचलाय. गढीसुद्धा काल्पनिक आहे. असा कोणी माणूस झालाच नाही."

हा खुलासा समाधान करील असं त्या भाबड्या माणसाला वाटलं होतं. चौकटींतून एकच गलका उठला.

"झालाच नाही?" भय्यासाहेबांचा आवाज चढला. "आधी आमच्या पूर्वजाला लुगडं नेसवलं, आता म्हणता तो झालाच नाही? तो झाला नाही, तर आम्ही इथे कुठून आलो?"

"साहेब, तुमचे राघोपंत वेगळे. माझा..."

"तुमचा? आमचा माणूस तुमचा काहून झाला?" पंखा गरजला.

ढोमण्यांनी पुढे काय सांगितलं ते इतिहासाला ठाऊक नाही, कारण सलोनीने आजोबांच्या खुणेवरून त्यांना म्यूट केलं होतं. ते बराच वेळ हातवारे करत होते. "अंकल बहुत एक्सप्रेसिव्ह हैं," सलोनी म्हणाली. शेवटी लेखकाने जाहीर माफी मागावी आणि पुढच्या आवृत्तीत राघोपंताचं नाव बदलून ते नर्मदेच्या पलीकडच्या एखाद्या घराण्यातलं ठेवावं, असा ठराव झाला. विनताताईंनी बोलण्यासाठी पडद्यावरचा हात वर केला होता. तो सभा संपेपर्यंत वर होता.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण पुढच्या आठवड्यात भय्यासाहेबांच्या मुंबईच्या भाच्याचा, धनेशचा फोन आला. एक कंपनी या कादंबरीवर वेब सिरीज काढून राहिली आहे, आणि राघोपंताचं काम कोणी मोठा हिरो करणार आहे, असं त्याने ऐकलं होतं.

रविवारी भय्यासाहेब फेटा बांधून पडद्यावर आले.

"मंडळी," ते म्हणाले, "एखाद्या व्यक्तीचं मूल्यमापन घाईने करू नये. आमचे राघोपंत पळाले, असं आपण म्हणतो. पण नदी ओलांडणं म्हणजे पळणं नव्हे. तो सामरिक जलप्रवास होता."

"आणि लुगडं?" कोणीतरी विचारलं.

"वेषांतर! गनिमी कावा दुसरं काय असतो?"

भाऊरावांनी आयुष्यात प्रथमच मोबाइल सरळ धरला. पंख्याच्या जागी एक लालबुंद चेहरा आला. "वा रे वा! लुगडं होतं तोवर राघोपंत चिंचाळकरांचे, आणि हिरो आला तर जामदारांचे? भय्यासाहेब, आमच्याकडे उंची कमी होती हे मी भरसभेत सांगितलेलं आहे. सलोनीबेटा, रेकॉर्डिंग है ना?"

"है अंकल, लेकिन आपका तो सिर्फ पंखा आया है."

दोन्ही घराण्यांचं बोलणं बंद झालं. एका लग्नात जामदार एका दाराने जेवायला गेले, तर चिंचाळकर दुसऱ्या दाराने उपाशी निघून गेले. अखेर समाजातल्या जाणत्यांनी तडजोड काढली. राघोपंत दोन्ही घराण्यांचे संयुक्त पूर्वज मानावेत आणि त्यांची पुण्यतिथी दोघांनी मिळून साजरी करावी. पुण्यतिथी म्हटल्यावर तिथी आली. तेव्हा मंडळाला विनताताईंची आठवण झाली.

"ताई, पुस्तकात राघोपंत वारतात केव्हा?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"वारत नाहीत," विनताताई म्हणाल्या. "लढाईत गढीतले सगळे मारले जातात. राघोपंत पलीकडच्या घाटावर फुटाणे विकतो. मेलेल्यांची पोरं पोरकी झालेली असतात, ती एकेक करून त्याच्याकडे येतात. तो त्यांना वाढवतो. शेवटच्या पानावर म्हातारा झालेला राघोपंत..."

"फुटाणे?" भाऊराव ओरडले.

"पंत असून फुटाणे?" भय्यासाहेबही त्याच क्षणी ओरडले. कित्येक दिवसांनी दोघांचं एकमत झालं होतं.

मग सदर पात्र शेवटी जिवंत आढळल्याने पुण्यतिथीस बाधा येत आहे, अशी नोंद होऊन राघोपंतांना बहुमताने वीरमरण देण्यात आलं. तिथीसाठी वैशाखातला एक दिवस पाहिला, पण त्या सुमारास जबलपुरात ऊन फार म्हणून त्यांना मार्गशीर्षात मारायचं ठरलं. लेखकाने सुधारित आवृत्ती काढावी. तिच्या प्रती मंडळ सगळ्या सभासदांसाठी घेईल, असं त्याला कळवण्यात आलं.

विनताताईंना खात्री होती की ढोमणे मानणार नाहीत. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"ताई, सलोनीने नंबर दिला, तुम्ही पुस्तक वाचलंय म्हणाली. खरं सांगू? पुस्तक निघाल्यापासून ते वाचलेलं माणूस मला तुम्ही एकच भेटलात. पण एका वाचकावर घर चालत नाही. कंपनीलाही राघोपंत लढणाराच हवा आहे. तुम्हाला काय वाटतं? लिहू का?"

त्यांना नको म्हणणारं कोणीतरी हवं होतं. ते विनताताईंना स्पष्ट ऐकू आलं. आता नाही म्हटलं, की मंडळात वाद, भय्यासाहेबांचा राग, आणि रविवारची दुपार पुन्हा रिकामी. त्या रिकाम्या दुपारची त्यांना भीती वाटली.

"तुम्ही लेखक," त्या म्हणाल्या. "मी काय सांगणार?"

सुधारित आवृत्तीत राघोपंत दोन्ही हातांत तलवारी घेऊन पडला. लुगड्याचा शेला झाला. पोरं गाळण्यात आली.

प्रकाशनाच्या दोन दिवस आधी भय्यासाहेब स्वतः ऑटोने कांचघरला आले. हातात खोव्याच्या जिलेबीचा पुडा. "ताई, अध्यक्षीय भाषण करायचं आहे. पुस्तकाबद्दलही दोन शब्द बोलावे लागतील. चलो, तुम्ही थोडक्यात सांगून टाका."

विनताताईंकडे जुनीच आवृत्ती होती. त्यांनी ती उघडली आणि थोडक्यात सांगण्याऐवजी वाचूनच दाखवायला सुरुवात केली. भीतीने थरथरणारा राघोपंत आला, नाव आली. पलीकडच्या तीरावरून जळणारी गढी बघणारा आणि स्वतःचीच लाज वाटणारा माणूस आला. मग पहिलं पोर आलं. त्याने विचारलं, "माझे बाबा शूर होते, तुम्ही कोण?" आणि राघोपंत म्हणाला, "मी उरलेला."

भय्यासाहेबांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत पुसले. विनताताई या माणसाला कित्येक वर्षं ओळखत होत्या. हा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

"काय माणूस आहे हो," भय्यासाहेब म्हणाले. "हे असं आहे पुस्तकात?"

"होतं. नव्या आवृत्तीत नाही."

"काहून? कोणी काढलं?"

"आपण. मंडळाने ठराव केला होता."

भय्यासाहेबांनी जिलेबी पुड्यात परत ठेवली. त्यांना खरोखरच दुःख झालं होतं, आणि दुःख झालं की ते दोषी शोधत.

"ठराव झाला तेव्हा तुम्ही हजर होत्या?"

"होते."

"आणि हे सगळं वाचलं होतं तुम्ही?"

"हो."

"मग बोलल्या काहून नाही?" भय्यासाहेब उठून उभे राहिले. "आम्ही तर वाचलेलंच नव्हतं, आम्हाला काय माहीत? लेखक बिचारा पोटापाण्याच्या मागे. पण वाचणाऱ्याने गप्प बसावं? इतकं सुंदर पुस्तक तुमच्या डोळ्यांदेखत मारून राहिले, आणि तुम्ही बघत बसल्या?"

विनताताईंच्या तोंडाशी उत्तरं पुष्कळ आली. माइक, म्यूट, उपसमितीची अट, वर राहिलेला हात. पण त्या संध्याकाळच्या फोनवर त्यांना कोणीही म्यूट केलेलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

प्रकाशन थाटात झालं. त्याच सभेत भय्यासाहेबांनी चष्मा पुसत एक ठराव मांडला: एका श्रेष्ठ कलाकृतीचा शेवट बदलला जात असताना मौन पाळणाऱ्या वाचकांचा हे मंडळ तीव्र निषेध करीत आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. वर झालेल्या हातांत विनताताईंचाही हात होता. 'वाचक' म्हणजे नेमके कोण, असं भाऊरावांनी विचारलं, तेव्हा नावं घालून कोणाच्या भावना दुखावू नयेत, ज्याने त्याने वाचता वाचता आपापलं ओळखून घ्यावं, असं ठरलं.