एलायझाबाईचा गोतावळा

गनीचं लग्न दापोलीच्या बानूशी ठरलं होतं आणि शारजात त्याची रजा अडली होती. बोटकंपनीच्या ऑफिसात माणसं दोनच, पेंबर्टनसाहेब आणि गनी. एक गेला की दुसऱ्याने बसायचं, हा नियम. साहेब काही केल्या बधेना.

तशात साहेबाला पूर्वजांचं वेड लागलं. शंभर वर्षांपूर्वी त्याच्या पणजोबांची बहीण एलायझा दापोलीच्या कॅम्पात भावाकडे आली, ती तिकडेच गडप झाली. घरात तिचं नावही काढत नसत. तिचं काय झालं ते कळलं तर जिवाला बरं वाटेल, असं साहेब म्हणाला. गनीने लगेच खडा टाकला, पत्ता लावला तर रजा मिळेल का? साहेब म्हणाला, "फिर देखेगा."

गनीने तडक शारजातलाच रोल्लाचा बाजार गाठला. तिथल्या मरियमबीखालाला दाभोळ ते बाणकोट कुणाचा कोण ते तोंडपाठ. दोन कोकणी माणसं भेटली की चहा निवायच्या आत नातं निघालंच पाहिजे, त्यातून तिच्या हातून तर मेमही सुटायची नाही. सुपारी कातरता कातरता खाला म्हणाली, "ती गोरी बीबी? हर्णैच्या नाखव्याशी निकाह लावून अमीना झाली ना ती. तुझी बानू तिचीच पणती, बाबा."

बानूचे डोळे घारे का, हे गनीला आत्ता उमगलं. स्वारी उड्या मारतच ऑफिसात आली. आता साहेब घरचाच, रजा कुठे जाते?

"साहेब, आप तो हमारा ससुराल निकला."

साहेबाने त्याला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले. "फॅमिली का शादी. हमको जाना मंगता."

"और हम?"

"दोनों जाएगा तो ऑफिस में कौन बैठेगा, हबीबी?"

तारीख पुढे ढकला, अशी गनीने घरी तार केली. उलट उत्तर आलं, मुलीकडचा साहेब येतोय म्हणून सारा गाव जमलाय, तारीख मुळीच हलणार नाही. नवऱ्याचं एवढं काय अडलंय, धाकटा भाऊ युसुफ निकाहात तुझा वकील होऊन तुझ्या वतीने कबूल म्हणेल.

महिन्याने साहेब चांगला गुटगुटीत होऊन परतला. गनीने चोरट्या आवाजात विचारलं, तिकडे आपली कुणी चौकशी केली का?

"सबने पूछा, दूल्हा किधर है. हम बोला, फर्स्ट क्लास लडका, कभी छुट्टी नहीं लेता. बानू का फादर बहुत खुश हुआ."