कावळ्यानं मागितलेलं तेल

आटपाट नगर नव्हतं, कन्हानच्या काठचं आपलं रामाकोनाच होतं. तिथं पुंडलिकराव नावाचे एक संत्र्याचे बागवाले, त्यांची बायको कमलबाई, मुलगा मोरेश्वर, पोटुशी सून नलिनी आणि एक मोटार राहत होती. मोटारीलाही माणसांत मोजावं लागतं. पुंडलिकराव तिला मोजायचे, आणि कमलबाईच्या मते पहिल्या नंबरवर मोजायचे.

मोटार जुन्या जमान्यातली. मँगनीजच्या खाणीतला गोरा साहेब विलायतेला जाताना विकून गेलेला. तिच्या बुडाखाली चार कमानी होत्या, पोलादी पट्ट्या एकावर एक चढवून धनुष्यासारख्या वाकवलेल्या. पट्ट्यांमधलं तेल सुकलं की मोटार म्हाताऱ्या माणसासारखी कण्हायची, आणि रस्त्यातला खड्डा तसाच्या तसा बसणाऱ्याच्या कंबरेत पोचवायची. म्हणून दर अमावस्येला पुंडलिकराव तिच्याखाली शिरत. पोळ्याला बैल धुवायचे राहिले असते, कमानीचं तेल राहिलं नसतं.

मग एका चैत्रात, हातातला घास हातात असताना, पुंडलिकराव गेले.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे आले, पण पिंपळावर बसून राहिले. खाली कोणी उतरेना.

"दादाचा जीव अडकला कुठीतरी," मोहगावचे दत्तात्रयकाका म्हणाले. "बोल रे मोऱ्या, काही तरी कबूल कर."

"बाबा, बाग विकत नाही मी," मोरेश्वर म्हणाला. कावळ्यानं मान फिरवली.

"सुनेचं बाळंतपण चांगलं करू." कावळ्यानं पाठ फिरवली.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी माणूस धाडून कमलबाईला घरून आणलं. कोऱ्या कपाळाची ती बाई चारचौघांत हात जोडून म्हणाली, "जा आता सुखानं. माही काळजी नोका करू." कावळ्यानं फांदीला चोच पुसली. लोक खाली पाहू लागले.

मोरेश्वर सकाळपासून उपाशी होता. पोटात कावळे ओरडत होते (त्या घाटावर कामात असलेले तेवढेच). भुकेल्या माणसाच्या तोंडाला लगाम नसतो. तो एकदम ओरडला, "बाबा, कमानीले दर अमावस्येला तेल देत जाईन!"

फडफड झाली. तीन कावळे एकदम पिंडावर उतरले.

मोरेश्वरनं मोठा किल्ला सर केल्यासारखं वळून पाहिलं, आणि त्याला आईचा चेहरा दिसला.

"म्हंजे जीव कमानीत होता," ती म्हणाली. आणि एकटीच घराकडे चालू लागली.

त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं, बोलायलाही आणि खायलाही. अर्धा कप चहा, बस. ताट जसं जायचं तसं परत यायचं. विहिरीवर बायका म्हणत, "मेल्यावरही नवऱ्यानं मोटरच पाहिली वं माय, बायको नाही पाहिली." ते तिच्या कानावर येई. हाडाला कातडं लागलं. तेरवी झाली तशी दत्तात्रयकाकांची सुशीलाकाकू नलिनीला म्हणाली, "तेरवीच्या सैपाकाची मोठी गंजं माळ्यावर टाकू नको वं एवढ्यात. अशीच राहिली हे बाई, तं पुन्हा काढा लागतीन."

मोरेश्वरनं विचार केला, की कबूल केलेलं तेल घातलं म्हणजे बाबा मोकळे, आणि बाबा मोकळे म्हणजे आईचा राग मोकळा. पण तो सौंसरच्या कचेरीतला कारकून. कागदाला टाचणी लावणं एवढंच यंत्रकाम त्याला येई, आणि त्यातही रक्त निघे. मोटार चालवायला बाबांनी शिकवलं होतं, खाली शिरायला नाही.

अमावस्येला तो आंघोळ करून, ओल्या धोतरानं, देवघरातली पळी आणि तिळाचं तेल घेऊन मोटारीजवळ गेला. आणि मारुतीला वाहतात तसं त्यानं चारही कमानींवर तेल वाहिलं. शेजारच्या विजयमालाबाई रुईच्या पानांची माळ घेऊन आल्या. "कावळ्यानं कौल देल्ली कमान हाय बाप्पा," म्हणाल्या, आणि माळ घालून पाया पडल्या.

तेल वरूनच वाहून गेलं. जे राहिलं त्यावर धूळ बसली, आणि गावची कुत्री येऊन कमानी चाटू लागली. मोटार तर पहिल्यापेक्षा मोठ्यानं कण्हू लागली. ते ऐकून कमलबाईनं भिंतीकडे तोंड केलं.

"अहो, तेल पट्ट्यायच्या मधात जाले पाहिजे," नलिनी म्हणाली. "मामांजीनं कधी पळी हातात घेतली होती का?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले एवढं समजते, का आत्या दोन घास खाऊन नाही राहिल्या, अन् तुमी गावच्या कुत्र्यायले जेवू घालून राहिले!"

मोरेश्वरला हे लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं जॅक लावून मोटार उचलली. चाक अधांतरी झालं की कमान सैल पडते आणि पट्ट्या उघडतात, एवढं त्यानं कोणाकोणाला विचारून घेतलं होतं. चाकाला धोंडा लावायचा, हे मात्र विचारायचं राहिलं. तो खाली शिरला, जॅक कलंडला, आणि चाक नेमकं त्याच्या धोतराच्या सोग्यावर येऊन बसलं. माणूस वाचला. धोतर सोडून बाहेर यावं, तर समोर विजयमालाबाई नवी माळ घेऊन उभ्या.

"नलिनी! अवं नलिनी!"

नलिनीला वाकता येत नव्हतं. ती दारातून किंचाळली, "आत्या! धावा वो, हे मोटरखाली गेले!"

खाटेवरची कमलबाई उठली. कशी उठली, तिचं तिला ठाऊक.

तोवर मोरेश्वरच्या डोळ्यात ग्रीस पडलं होतं. त्यानं चाचपडत हाताला लागलं ते फडकं ओढलं. ते निघतच राहिलं, हात, दोन हात, चार हात. बाकीच्या कमानींवर तेल टिकावं म्हणून चामडं शिवलेलं होतं. मागच्या डाव्या कमानीवर हे कापड गुंडाळलेलं, काळं, चिकट. एका टोकाला मात्र हिरवा काठ अजून दिसत होता.

कमलबाई वाकली. पोराकडे न पाहता तिनं तो काठ हातात घेतला.

"हे कुठून काढलं?"

"कमानीतून. मागच्या, डाव्या."

ती मातीत बसली. ते तिचं लुगडं होतं. मोरेश्वरच्या आधी तिला एक मुलगी होणार होती. सातव्या महिन्यात पांढुर्ण्याच्या माहेराहून ती ह्याच मोटारीतून येत होती, मागे डाव्या अंगाला बसून. सौंसर ओलांडलं, आणि ओढ्याच्या उतरणीत असा हिसका बसला, की संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. अंगावरचं लुगडं तिनं नवऱ्यापुढे टाकलं होतं. "फेका हे. तुमच्या मोटरनं माही पोर खाल्ली." पुंडलिकरावांनी ते उचलून नेलं. ती पुन्हा कधी मोटारीत बसली नाही. आणि पुढच्या अमावस्येला नवरा मोटारीखाली शिरलेला पाहून तिनं मनाशी धरलं, की ह्या माणसाला लोखंडच प्यारं.

"कोणी बसत नव्हतं त्या जागी," ती कमानीला म्हणाली. "कोणीच बसत नव्हतं. कायले इतकं जपलं? अन् तोंड नव्हतं का तुमाले सांगाले?"

घाटावर न आलेलं रडू तिला तिथं आलं. मोरेश्वर खाली गप पडून राहिला (आयुष्यात त्यानं वेळेवर केलेलं पहिलं काम). बऱ्याच वेळानं हळूच म्हणाला, "आई, तेवढं धोतर..."

"पडून राय तसाच. हात पुरतो तं ग्रीस भर आधी."

त्या दुपारी तिनं झुणका आणि दीड भाकर खाल्ली. मग स्वतः पाटावर बसून तिनं पोराकडून चारही कमानी घासून घेतल्या. रॉकेलनं धुवायच्या, छिन्नीनं पट्टी उघडायची, बोटानं ग्रीस भरायचं. "तिथं नाही रे मुडद्या, आतमंधी!" आणि डाव्या कमानीवर तेच लुगडं पुन्हा घट्ट गुंडाळून घेतलं.

आषाढात एका भर दुपारी, मोरेश्वर कमानीखालीच असताना, नलिनीला कळा सुरू झाल्या. बस निघून गेलेली. कमलबाईनं कोणाला न विचारता मोटारीचं मागचं दार उघडलं, डाव्या अंगाला बसली, आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. "चाल," म्हणाली. ओढ्याच्या उतरणीत तिनं डोळे मिटले. मोटार खाली गेली आणि पाळण्यासारखी वर आली. कण्हली नाही.

सौंसरच्या दवाखान्यात मुलगी झाली. चांगली टपोरी, आणि रडली ती अशी की पार फाटकापर्यंत ऐकू गेलं. कमलबाईच्या घरात एवढ्या वर्षांनी लक्ष्मी आली.

नर्स बाहेर आली. कोपरापर्यंत काळ्या, ओठावरही ग्रीस असलेल्या मोरेश्वरकडे पाहून म्हणाली, "ए ड्रायवर, दीवार से हटके खड़े रहो. बच्ची के पिताजी को भेजो अंदर."

मोरेश्वर छाती काढून काही बोलणार, तोच आतून कमलबाईचा आवाज आला, "राहू दे वं बाई, घरचाच हाय तो. पण पोरीले हात लावू देऊ नको. आधी रॉकेलनं धुवा लागते त्याले."