सासऱ्यांची गाडी

पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कने मोटरसायकलचा कार्बोरेटर उघडला, त्याला कारण एवढंच की त्या दुपारी चहाला उशीर होता. रिकामा बसलेला माणूस काय करेल याचा नेम नसतो, आणि घरात पाना असला तर मुळीच नसतो.

गाडी त्याच्या सासऱ्यांची. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा होते तोवर दर आठवड्याला मनगटावर भलंमोठं घड्याळ बांधून त्याच गाडीवरून लेकीकडे यायचे आणि जावयाला बजावायचे, "जावईबापू, लांबून बघा. हात लावायचा नाही." जावयाने कधी लावलाही नव्हता. अण्णा गेले आणि गाडी लेकीकडे आली. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या चादरीखाली ती उभी असायची. चादरीचा आकार असा काही पडायचा, की दार उघडताना हेडक्लार्क आधी खाकरायचा. (कुणी बसलेलं असलं तर उठायला वेळ मिळावा म्हणून.)

आता सासूबाई येणार होत्या. अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्यांनी लेकीला फोनवर एकच गोष्ट मागितली होती, की स्टँडवरून मला न्यायला त्या गाडीवर या. बायकोने हे सांगताना पदर डोळ्यांना लावला होता. गाडी तशी चालत होती, जरा अडखळायची इतकंच. तेवढं अडखळणं काढून टाकावं, सासूबाई खूश होतील, या सद्भावनेने त्याने कार्बोरेटर सोडवला. पेट्रोलची नळी ओढली तेव्हा निम्मं पेट्रोल त्याच्या पँटवर आलं. घाबरून त्याने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक वाटेल तसा फिरवला, तेव्हा कुठे धार थांबली. जेटचं बारीक छिद्र फुंकून साफ केलं, सगळं परत बसवलं, कॉकची दांडी 'चालू' या खुणेवर आणली. एक चकती तेवढी उरली. ती त्याने खिशात टाकली आणि बायकोला सांगितलं नाही.

मग त्याने किक मारली. गाडी खोकली.

आधी दोनदा कोरडं, मग एक लांब, ओढलेलं. अण्णा घरात शिरण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर असेच खोकत. हेडक्लार्कच्या मानेवर काटा आला. त्याने पुन्हा किक मारली. आता काहीच नाही. पुन्हा मारली. गाडी गप्प. रागावलेला मोठा माणूस गप्प बसतो तशी गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धुकं उतरलं ते हटेचना. शेडमधून घराचं मागचं दार दिसत नव्हतं. त्याने प्लग काढून पाहिला, ठिणगी निळी पडत होती. टाकी हलवली, पेट्रोल डचमळत होतं. म्हणजे सगळं होतं आणि तरी गाडी चालू होत नव्हती. शेवटी ढकलून बघावं म्हणून तो ती मागच्या गल्लीत घेऊन गेला. गाडी अशी जड लागली, की जणू वर कुणीतरी ऐसपैस बसलंय. तो थांबला की मागे कुणाची तरी चप्पल फरफटत थांबायची. त्याने दोनदा वळून पाहिलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. गाडी शेडमध्ये लावून त्याने चादर घातली, आणि हात जोडलेले कुणी पाहिले नाहीत ना याची खात्री करून घेतली.

बसची वेळ झाली. बायको रिक्षा बोलावून एकटीच स्टँडवर गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

घरात तो एकटा राहिला. हाताचं काळं जाता जात नव्हतं. मोरीत हात घासत असताना त्याला परसातून तो खोकला ऐकू आला. दोनदा कोरडा, मग एक लांब.

शेडला तर त्याने कडी घातली होती. तो अनवाणीच परसात गेला. कडी निघालेली होती, दार किंचित किलकिलं होतं, आत अंधार. आणि आतून एक घोगरा आवाज आला.

"लावलाच शेवटी हात."

पळायचं मनात होतं, पण पायांना ते कळवेपर्यंत तोंड सुरू झालं होतं. "अण्णा, फक्त जेट साफ केला," तो दाराला म्हणाला. "वाईट हेतू नव्हता. ऑफिसात मी तुम्हाला खडूस म्हणायचो, ते मनापासून नव्हतं. आणि एक चकती उरलीय."

आतून चप्पल दाराकडे फरफटत आली.

"आणा इकडे."

फटीतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, आणि मनगटावर अण्णांचं ते भलंमोठं घड्याळ. हेडक्लार्कने चकती त्या तळव्यावर ठेवली आणि तिथेच ओल्या मातीत बसला. आत किक बसली, दोनदा खोकून एक लांब श्वास ओढला गेला आणि गाडी धडधडून चालू झाली.

दार उघडलं. कानाला शाल गुंडाळलेल्या, घसा बसलेल्या सासूबाई बाहेर आल्या. बस वेळेआधीच लागली होती, रिक्षा मागच्या गल्लीत थांबली होती, आणि लेक सामान उतरवत होती तोवर त्या थेट गाडीकडे आल्या होत्या. त्यांनी चकती उजेडात धरली आणि ही गाडीची नाही, नळाची आहे, असं सांगितलं. पेट्रोलचा कॉक अण्णांनी मुद्दाम उलटा बसवला होता, त्यामुळे 'चालू'वर तो बंद असायचा.

"चोरांसाठी का?" हेडक्लार्कने मातीतूनच विचारलं.

"चोर कुठे आले होते आमच्याकडे?" सासूबाई म्हणाल्या.

मग त्या सीटवरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. बायको सामान तिथेच टाकून आईला बिलगली. इंजिन चालूच होतं, आणि ते बंद करायला तिघांपैकी कुणाचाच हात पुढे झाला नाही. एक चक्कर मारून येऊ, असं सासूबाईंनी जावयाला सांगितलं. गार वारा लागेल म्हणून आपली शाल त्यांनी त्याच्या डोक्याला गुंडाळली. तो पुढे बसायला गेला, तर त्या आधीच बसल्या होत्या. अण्णांनी त्यांना लग्नाच्या वर्षीच गाडी शिकवली होती. चक्कर धुक्यातून, चांगल्या वेगाने झाली. हेडक्लार्कला तिच्यातलं फारसं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणाशी आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी हेडक्लार्कला बाजूला घेतलं.

"सांगू की नको असं होतंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "काल धुक्यात मी अण्णांना पाहिलं. तीच गाडी, हातात तेच घड्याळ. आणि मागे तुमच्या सासूबाई. गच्च डोळे मिटून, त्यांच्या पाठीला घट्ट चिकटून. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असाव्यात. फार घाबरल्या होत्या हो बिचाऱ्या."

हेडक्लार्कने घराकडे एकदा पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "त्यांना वेगाची सवय नाही."