मधे एक असावा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिले ते परीक्षेच्या पेपरात. पण साळवी तात्यांविषयी कुणीतरी लिहायला हवे, आणि त्यांना ओळखणारे बाकीचे सगळे कामात आहेत.

तात्या एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले वायरमन. महाडच्या स्टँडवरचे सगळे कंडक्टर त्यांना ओळखत, ते एका प्रश्नामुळे. गाडीत चढण्याआधी ते पायरीवर एक पाय ठेवून विचारत, "मधे कुठं कुठं थांबते?" कुठेच थांबत नाही असे उत्तर आले, की पाय खाली. डायरेक्ट गाडीत ते बसतच नसत. एकदा पनवेलला जायला त्यांनी तीन गाड्या बदलल्या आणि ज्या लग्नाला निघाले होते, तिथे वरात संपल्यावर पोचले.

"डायरेक्ट गाडीत मानसाला मधे उतरता येत नाय," ते म्हणत. "कायपण असो, मधे एक असावा."

हा "मधे एक" म्हणजे मुळात फ्यूज. त्यांच्या घरात एका बल्बला तीन फ्यूज होते. पण ती सवय विजेपुरती राहिली नव्हती. चहाचा कपसुद्धा ते हातातून हातात घेत नसत. आपण टेबलावर ठेवायचा, मग ते उचलणार.

मी कॉलेजसाठी महाडला घरमालकीण काकूंकडे खोली घेऊन राहत होतो. काकूंचे यजमान कोर्टात कारकून. तात्यांचे घर समोरच. दर शनिवारी मी पोलादपूरवरून वर डोंगरात माझ्या वाडीवर जायचो आणि सोमवारी परत यायचो. तात्यांना हे कळले आणि त्यांनी मला मधे बसवले.

त्यांची एकुलती मुलगी सुनंदाताई पोलादपुरात दिली होती. दिली होती म्हणणे बरोबर नाही. तिने कोर्टात लग्न केले आणि गळ्यात हार घालून डायरेक्ट दारात उभी राहिली. तात्या एवढेच म्हणाले, "मधे एकदा इचारायचं तरी," आणि दार लावून घेतले. त्याला चार वर्षे झाली होती. महाड ते पोलादपूर अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण बाप गेला नाही, लेक आली नाही.

त्यामुळे दर शनिवारी माझ्याबरोबर निरोप असे.

"तिला इचार, घरात अर्थिंगची तार जमिनीत पुरलीय का."

पुढच्या शनिवारी, "पावसात भिंतीला हात लावला तर मुंग्या येतात का, इचार."

बापाने लेकीला असे काही विचारलेले मी ऐकले नव्हते. मी निरोप पोचवायचो. ताई ऐकून घ्यायची आणि "बरं आहे म्हणून सांग" म्हणायची. जूनमध्ये मात्र ती तांदूळ निवडता निवडता थांबली. म्हणाली, "त्यांना म्हणावं, अर्थिंग बघायचं असेल तर स्वतः येऊन बघा."

मला तो टोमणा वाटला. परत आल्यावर तात्या दारातच उभे होते. मी म्हणालो, "अर्थिंग आहे म्हणाली." त्यांनी मान डोलावली आणि आत गेले.

जुलैमध्ये काकूंचा ड्रायर बिघडला.

काकूंच्या भावाने कुवेतहून येताना तो कपडे सुकवायचा ड्रायर आणला होता. आळीत असे यंत्र एकच, आणि त्यात काकूंची मुलगी बाळंतपणाला आलेली. महाडच्या पावसात दुपटी चार-चार दिवस वाळत नाहीत. एका सकाळी ड्रायरचे पिंप फिरायला लागले, पण आतून वारा आला तो गारच. काकूंनी शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून त्यावर दुपटी पसरली आणि तात्यांना बोलावले.

तात्यांनी आधी प्लग काढला. मग स्वतः काढलेला प्लग पुन्हा जाऊन पाहून आले. मागचा पत्रा उघडला. आत सुपारीच्या खांडाएवढा एक पांढरा तुकडा, त्याला दोन वायरी. त्या सोडवून त्यांनी मीटरची दोन टोके आधी एका वायरीला लावली. काटा झपकन पलीकडे गेला. मग तुकड्याला लावली. काटा जागचा हलला नाही.

"ह्यो फ्यूज गेला," तात्या म्हणाले. "लय तापलं की ह्यो तुटतो. त्याचं कामच त्ये."

काकू म्हणाल्या, "मग तात्या, तो काढून डायरेक्ट जोडून टाका ना. बाजारातला मिस्त्री पाच मिनिटांत करून देतो म्हणालाय."

तात्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "करंल की. पाच मिन्टांत जोडंल आन् धा मिन्टांत तुमची दुपटी पेटतील. वयनी, ह्यो मेला तो तुमचं घर वाचवून मेलाय. का तापलं, त्ये बघूया."

ते यंत्राच्या पाठीमागच्या जाड नळीला धरून खिडकीपर्यंत गेले. गरम वारा बाहेर जायच्या तोंडाला दुधाची पिशवी सुतळीने गच्च बांधलेली होती.

"पावसाचं पाणी आत येत होतं," काकू हळूच म्हणाल्या.

"मानसाचं नाकतोंड बांधा आन् गड चढायला सांगा," तात्या म्हणाले. "काय व्हईल?"

मग तो पांढरा तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. "बघ रे. बाहेरनं काय दिसतंय? कायच नाय. अख्खा हाय. पन ह्या बाजूचं त्या बाजूला जात नाय."

काकू आत चहा टाकायला गेल्यावर मी म्हणालो, "तात्या, माझ्याकडूनपण एक गेलं नाही." आणि जूनचा निरोप, जसा होता तसा, सांगून टाकला.

तात्यांनी तो तुकडा खिशात टाकला. मग विचारले, "कशी म्हनाली? हसून का रागानं?"

"मी खाली बघत होतो, तात्या."

"अरेरे," ते म्हणाले. मग पत्र्याचे स्क्रू डबीत भरत पुटपुटले, "तुझी चुकी नाय. एवढ्या लोडला एवढा बारीक फ्यूज मीच लावला."

नवा तुकडा कुवेतहून यायला तीन आठवडे गेले. तात्यांनी तो बसवला, नळीच्या तोंडावर पत्र्याची झडप केली आणि दुपटी कडकडीत वाळू लागली. पण मला त्यांनी पुन्हा एकही निरोप दिला नाही. शनिवारी मी पिशवी घेऊन त्यांच्या दारावरून मुद्दाम हळू जायचो. ते आत काहीतरी कानशीने घासत बसलेले असत आणि वर बघत नसत. त्या बापलेकीत जी एक तार उरली होती, तीही मी तोडली असे मला वाटू लागले.

गणपतीला मी वाडीवर गेलो. तिसऱ्या दिवशी आमच्या वाडीतला गणूदादा ड्यूटीवरून आला. तो महाबळेश्वर गाडीवर कंडक्टर. ओटीवर बसून बूट सोडता सोडता म्हणाला, "अरे, तुझा तो साळवी तात्या आज माझ्या गाडीत. पोलादपूरचं तिकीट."

"महाबळेश्वर गाडीत? ती तर पोलादपूरपर्यंत मधे कुठंच थांबत नाही."

"तेच तर. मी म्हटलं, तात्या, डायरेक्ट हाय, मागून लोकल येतेय. तर ऐकेना. मांडीवर तांब्याच्या तारेचं भेंडोळं, हातात पक्कड आन् मोदकांचा डबा." गणूदादाने बूट बाजूला ठेवला. "आन् गाडी महाडबाहेर पडेपर्यंत दोनदा मला इचारलं, मधे कुठं थांबत नाय ना?"